आत्याचे वाल

आत्या गेली त्या वर्षी श्रावणातल्या एकाही सोमवारी चौलच्या घरात बिरडं झालं नाही. कुणी ठरवून टाळलं असं नव्हे. संध्याकाळी उपास सोडताना केळीच्या पानावर वरणभात, अळूचं फदफदं आणि डाळिंब्यांचं बिरडं हा त्या घराचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण सोमवारच्या बिरड्याचे वाल शनिवारी रात्री भिजत पडावे लागतात, आणि शनिवारी रात्री ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सोमवारी सकाळी आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता. वहिनीने, आत्याच्या सुनेने, बटाट्याची भाजी केली, सगळे जेवले. आत्याचं नाव कुणी काढलं नाही. पण ती नाही, हे मला त्या पानावर जितकं लख्ख दिसलं तितकं तेराव्यालाही दिसलं नव्हतं.

मी आयुष्यभर आहारशास्त्र शिकवलं. मुंबईच्या एका महाविद्यालयात मुलींना प्रथिनांची पचनीयता, खनिजांचं शोषण, पोषणविरोधी घटक असे शब्द फळ्यावर लिहून समजावून सांगायचे, हे माझं काम. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. व्हर्नाक्युलर फायनल झालेली. लग्न होऊन चौलच्या वाडीत आली ती तिथलीच झाली. नारळ-सुपारीचा हिशेब तीच ठेवायची, मजुरांशी बोलणी तीच करायची. माझी मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी तिच्याकडे जायची. पुढे जे शिकवलं त्यातलं पुष्कळसं पुस्तकात भेटण्याआधी मी तिच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं. तिच्याबद्दल लिहायला बसले की ते शास्त्रही सोबत येतं. दोन्ही वेगळी काढायला गेले तर हाती काही उरत नाही.

वाल घरच्या शेतातले असत. भातकापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, ही रायगडातली जुनी रीत. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. थंडीत हिरव्या शेंगा पोपटीच्या मडक्यात जायच्या. उरलेल्या वेलावर वाळवायच्या, झोडायच्या, आणि निघालेले कडवे वाल राख लावून डब्यांत भरायचे. भिजत घालण्याआधी आत्या ते सुपात पाखडून निवडायची, धुवायची आणि पितळी पातेल्यात वर चार बोटं पाणी राहील असे ठेवायची. थंडीत पाणी कोमट घ्यायची. सकाळी पातेल्यात हात घालून वाल खालीवर करायची आणि टणक लागतील ते गणंग बाजूला काढायची. नजर दुसरीकडेच असे, कुणाशी तरी बोलणं चाललेलं असे. गणंग बोटांनाच सापडत. भिजवणीचं पाणी केळीच्या बुंध्याशी जायचं, स्वयंपाकात कधीच नाही. मग जुन्या धोतराच्या फडक्यात वाल घट्ट बांधायचे, ती पुरचुंडी टोपलीत ठेवायची, तिच्यावर पाट, पाटावर वरवंटा. पावसाळ्यात टोपली चुलीच्या उबेला, वैशाखात मोरीजवळच्या गारव्याला. मधूनमधून फडक्यावर पाण्याचा हबका. मोड नखाएवढा आला की फडकं सुटायचं. लांब मोडांचं तिला कौतुक नव्हतं. फार वाढले की डाळिंबी पिचपिचीत होते, म्हणायची.

सोलायचं काम सोमवारी सकाळचं. परातीत कोमट पाणी, त्यात वाल, आणि परातीभोवती घरातल्या बायका-मुली. वाल अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून किंचित दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी पाण्यात पडते. दाब जास्त झाला तर तिची दोन दळं वेगळी होतात. आत्याच्या हातून ती क्वचितच फुटायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख श्रावणभर तपकिरी दिसे, आणि बोटांची टोकं पाण्यात राहून राहून सुरकुतलेली, पांढरी. घरादाराला पुरतील इतके वाल सोलायला अर्धी सकाळ जाई. सालं गोठ्यात जात. फोडणीला हिंग, हळद, वरून खोबरं-जिऱ्याचं वाटण, गूळ. आमसूल मात्र सगळ्यांत शेवटी, डाळिंबी बोटाने चेपली की चेपते आहे हे पाहूनच. आंबट आधी पडलं की डाळिंब्या शिजता शिजत नाहीत. आंबटात पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, हे त्यामागचं कारण मी पुढे शिकले. जुने वाल नव्यांपेक्षा उशिरा शिजतात त्याचाही त्या पेक्टिनशी संबंध आहे: दमट हवेत साठवण लांबली की बियांतलं फायटेट हळूहळू तुटतं, त्यातून सुटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला जाऊन बांधतं आणि दाणा कडक राहतो. आत्या डब्याचं झाकण उघडून वास घ्यायची आणि हे गेल्या वर्षीचे की यंदाचे ते सांगायची. त्याप्रमाणे भिजवण्याचे तास बदलायचे.

त्या फडक्यात रात्रंदिवस काय चालायचं तेही मला पुस्तकांनी सांगितलं. बी म्हणजे उद्याच्या रोपाची शिदोरी. तिच्यातला फॉस्फरस बहुतांशी फायटिक आम्लाच्या रूपात साठवलेला असतो, आणि हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना असं बांधून ठेवतं की आपल्या आतड्याला ते सुटत नाहीत. ही गाठ सोडवणारं फायटेज नावाचं विकर माणसाच्या आतड्यात नसल्यासारखंच. त्यामुळे लोह ताटात असतं, पोटातही जातं आणि त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. बियात मात्र हे फायटेज असतं. पाणी आणि ऊब मिळून बी रुजू लागलं की ते कामाला लागतं, कोंबासाठी फॉस्फरस मोकळा करतं, आणि त्याबरोबर लोह-जस्तही सुटत जातं. साठवणीची प्रथिनं तुटून लहान होऊ लागतात. वायू धरणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा काही भिजवणीच्या पाण्यात उतरतात, काही कोंब स्वतः वापरतो. सालातली टॅनिनं प्रथिनांना आणि लोहाला धरून बसतात. ती सालांबरोबर गोठ्यात गेली. वाल चुलीवर चढण्याआधी इतकं सगळं होऊन गेलेलं असायचं.

पुढचं काम आचेचं. कडधान्यांत ट्रिप्सिन-निरोधक नावाची प्रथिनं असतात. स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, आणि हे निरोधक नेमके त्या ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटतात. अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात. असं का होतं हे कळायला बराच काळ जावा लागला. सोयाबीनमधला निरोधक कुनिट्झ यांनी स्फटिकरूपात वेगळा केला तो चाळीसच्या दशकात.

आपल्या कडधान्यांसाठी हे काम डॉ. कमला सोहोनी यांनी केलं. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि तिथे दूध आणि कडधान्यांच्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतले ट्रिप्सिन-निरोधक शोधून तपासले. त्यात वालातलाही होता. कमलाबाई १९९८ मध्ये गेल्या. त्यांचं नाव मराठी घरांत अजून पुरेसं पोचलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोजच्या ताटातल्या पदार्थांवर एवढी निष्ठा ठेवणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे फार झालेले नाहीत.

शिकत होते तेव्हा ग्रंथालयात त्यांचं काम वाचून मी दिवाळीला चौलला गेले आणि आत्याला सांगितलं, की मुंबईत एका बाईंनी आपल्या कडधान्यांवर संशोधन केलंय, त्यांच्यात पचनाला अडवणारं काहीतरी असतं. आत्या विळीवर नारळ खवत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "कच्च्यात का शिजलेल्यात?"

"कच्च्यात. शिजवलं की बहुतेक जातं."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "कुठल्या गं त्या बाई? इकडे आणता येतील का? वाल बघायला म्हणून."

पुढे वर्गात हा धडा मी आत्याच्याच प्रश्नाने सुरू करत असे. कच्च्यात की शिजलेल्यात, भिजवलेल्यात की कोरड्यात, सालासकट की सोलून? एवढं विचारल्याशिवाय कुठल्याही तक्त्यातला आकडा मी मुलींना लिहून घेऊ देत नसे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या १९८५ च्या अहवालात अंड्यातल्या प्रथिनांची पचनीयता ९७ टक्के दिली आहे, दुधातल्यांची ९५, आणि घेवड्यासारख्या शेंगवर्गी दाण्यांची ७८. त्या ७८ ला वर चढवणारे किंवा खाली ओढणारे हात कुठल्या तरी स्वयंपाकघरात असतात. अहवालात त्यांची नोंद नसते.

ट्रिप्सिन-निरोधक आचेला नमतो. भिजवलेलं कडधान्य कुकरमध्ये नीट शिजलं की त्याचा बहुतेक निकाल लागतो, आणि म्हणून कुकरबद्दल माझी काही तक्रार नाही. आत्याचीही नव्हती, कुकर घरात आला तेव्हा सगळ्यांत खूश तीच झाली होती. फायटेट मात्र आचेला फारशी दाद देत नाही. नुसतं शिजवून ते थोडंच कमी होतं. त्याला पाणी लागतं, ऊब लागते, थोडा आंबटपणा लागतो, आणि या सगळ्यांना पुरेल इतका वेळ लागतो. आच आजच्या घरात हवी तेवढी आहे, बटण फिरवलं की मिळते. वेळ कुणीतरी माणसाने द्यावा लागतो. शनिवारी रात्री दिवा मालवण्याआधी सोमवारच्या जेवणाचा विचार करणारं माणूस घरात असावं लागतं. आमच्याकडे ते आत्या होती.

फायटेटला हा वेळ मिळाला नाही तर काय होतं, ते इराणातल्या एका गोष्टीवरून कळतं. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद तिथल्या शिराझमध्ये काम करत होते तेव्हा त्यांच्याकडे वाढ खुंटलेले तरुण येत. वीस-एकवीस वर्षांचे असून दहा वर्षांच्या मुलांसारखे दिसणारे. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे न आंबवलेल्या कणकेची रोटी. डॉ. प्रसाद यांनी १९६१ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, आणि पुढे जस्ताची कमतरता माणसातही होते हे जगाला मान्य करावं लागलं. गव्हात जस्त असतं. पण त्या रोटीतलं फायटेट ते सुटू देत नव्हतं. त्याच पिठाचा खमीर घालून केलेला पाव याबाबतीत बरा, कारण आंबण्याच्या काळात फायटेट तुटतं. वर्गात हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी आत्याची आंबील असे. रात्री नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं. हल्ली झटपट इडलीचं, झटपट ढोकळ्याचं पीठ मिळतं. सोडा आणि सायट्रिक आम्ल घातलेलं ते पीठ फुगतं, जाळीही छान पडते. रात्रभराचं काम तेवढं त्यात झालेलं नसतं.

नाचणीविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्या नावाने आज खूप काही विकलं जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे आणि गाईच्या दुधात १२०. आकडा खरा आहे. पण नाचणीत फायटेट असतं आणि तिच्या तांबूस सालात टॅनिनं असतात, म्हणून त्या ३४४ पैकी हाडांपर्यंत किती पोचेल ते नाचणीचं पुढे काय केलं त्यावर ठरतं. आत्या बाळंतिणीसाठी आणि अन्न सुरू झालेल्या बाळांसाठी नाचणी भिजवून, बारीक मोड आणून, सुकवून, हलकी भाजून दळायची. मोडांमुळे फायटेट घटतं, कॅल्शियम आणि लोह अधिक मोकळं होतं. शिवाय कोंबातलं अमायलेज पिठातला स्टार्च तोडतं, म्हणून खिमट घट्ट गोळा न होता सरसरीत राहते, आणि बाळाच्या एवढ्याशा पोटात त्याच वाटीतून जास्त अन्न जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी ऐंशीच्या दशकात हेच तत्त्व घेऊन मोड आणलेल्या धान्याचं थोडंसं पीठ घट्ट पेजेत मिसळून ती पातळ करायची सोपी रीत मांडली. कुपोषित मुलांसाठी इतका स्वस्त उपाय असताना तो घरोघर का रुजला नाही, हा प्रश्न मला अजूनही छळतो.

शेजारपाजारच्या बायका नाचणीचं सत्त्व काढत. भिजलेली नाचणी वाटायची, कपड्यातून गाळायची, वरची निवळ ओतून खालचा साका वाळवायचा. ते दिसायला सुरेख आणि पोटाला हलकं. पण गाळताना चोथ्याबरोबर प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा मोठा वाटा निघून जातो. जुनं ते सगळं पौष्टिक असं मी मानत नाही, आणि आत्याही मानत नसे. "सत्त्व आजाऱ्याला द्या. खेळत्या पोराला पीठच हवं, चोथ्यात जोर असतो," हे तिचं म्हणणं होतं. तिने एकाच दाण्यापासून दोन माणसांसाठी दोन वेगळे पदार्थ केले, आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

भाजणीच्या वेळी ती कुणाला कढईला हात लावू देत नसे. तांदूळ, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, शेवटी धणे-जिरे, प्रत्येक वेगळं, मंद आचेवर. भाजल्याने निरोधक जातात, दाण्यातली ओल जाते, पीठ टिकतं. पण आच चढली की दाण्यातलं लायसिन शर्करेशी बांधलं जातं. त्यातूनच तो तपकिरी रंग आणि वास येतो. बांधलेलं लायसिन मात्र शरीराच्या उपयोगी पडत नाही. तृणधान्यांत लायसिन मुळात कमी, ते भरून काढण्यासाठी तर डाळ घालायची. आत्या उडीद गुलाबी दिसू लागले की कढई उतरवायची. कुणी म्हटलं, अजून थोडे होऊ देत, तर म्हणायची, "करपलेलं पोटात जातं, अंगी लागत नाही."

बाकीच्या गोष्टी लहान लहान होत्या. पालेभाजी लोखंडी कढईत, भाकरी लोखंडी तव्यावर. भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं, पदार्थ आंबट असेल तर जास्त. उसळीवर लिंबू पिळायचं ते पानात वाढल्यावर, म्हणजे त्यातलं क जीवनसत्त्व आचेत जात नाही आणि लोहाला रक्ताकडे जायला मदत करतं. जेवल्याबरोबर कुणी चहा मागितला तर तिच्याकडे मिळत नसे. चहातली टॅनिनं लोह अडवतात हा विचार त्यामागे नव्हता, तोवर चूल विझलेली असे एवढंच. पण फायदा व्हायचा तो झाला.

यातली एक गोष्ट सांगताना मला त्रास होतो. सगळ्यांच्या पानातलं लोह सुटं करणाऱ्या या बाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन कायम कमी असे. खालची पापणी ओढून पाहिली की आत फिकट दिसायचं. बाळंतपणं एकापाठोपाठ एक झालेली, आणि जेवायला बसायची सगळ्यांत शेवटी, तोवर बिरड्याच्या पातेल्यात रस्साच उरलेला असे. लिंबाची फोड संपलेली असे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कारणं अनेक आहेत: जंत, पाळी, लागून आलेली बाळंतपणं, अपुरं अन्न, आणि न सुटणारं लोह. आत्याच्या बाबतीत आणखी एक होतं, तिला कुणी आधी वाढलं नाही. याचा मला आजही राग येतो. म्हणून तिचं कष्टाचं दिवसभराचं चक्र पुन्हा सुरू व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. परातीभोवती फक्त बायका बसाव्यात, हेही नाही. तिने जे केलं ते इतकं मोलाचं होतं, की ते एकटीवर सोडायलाच नको होतं.

शेवटच्या महिन्यांत तिचं खाणं तुटलं. दात गेले होते, भूक गेली होती. त्या वयात जठरातलं आम्लही अनेकांचं कमी होतं, आणि लोह, कॅल्शियम आणखी अवघड होऊन बसतं. डॉक्टरांनी प्रथिनांच्या भुकटीचा डबा लिहून दिला. ती दोन घोट घ्यायची आणि कप बाजूला सारायची. वहिनी मुगाचं कढण करायची, जिरं-सैंधव घालून, गाळून. एका दुपारी मी तिथे होते. आत्याने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, "मूग कोरडेच शिजवलेस."

"हो आई, आज भिजवायचे राहिले," वहिनी म्हणाली.

आत्याने मान हलवली आणि वाटी संपवली. त्या महिन्यांत तिने एवढं सगळं संपवल्याचं मला दुसरं आठवत नाही. वहिनीला वाईट वाटू नये म्हणून संपवलं असावं. तिची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती, भिजलेला मूग आणि न भिजलेला मूग यातला फरक तिला गाळलेल्या पाण्यातही कळत होता. माझ्याकडे असा फरक दाखवणारी प्रयोगशाळा होती. त्यासाठी नमुना दळावा लागे, आम्लात उतरवावा लागे, आणि उत्तर यायला वेळ लागे.

खाचर आता विकलं गेलं. अलिबागपासून खाली किनाऱ्याच्या बाजूने भाताची किती तरी शेतं बंगल्यांच्या कुंपणात गेली, त्यातच ते गेलं. आत्याच्या मुलाच्या, दादाच्या मनात नव्हतं, पण वाटण्या झाल्यावर त्याच्या एकट्याच्या हातात काही राहिलं नाही. भातच नाही म्हटल्यावर ओलीवरचे वालही नाहीत. वहिनी आता बाजारातून वाल आणते. ते कुठल्या शेतातले, किती वर्षांचे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. मग तास ठरवायचे कसे? ती अंदाजाने भिजवते, कधी छान मोड येतात, कधी निम्मे गणंग निघतात.

दादाची सून पुण्याला असते. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरी करतात, आणि बाळाला आता वरचं अन्न सुरू करायचं आहे. परवा तिचा फोन आला.

"आत्या, नाचणीचं पीठ विकत आणू की घरी करू? पाकिटावर कॅल्शियम भरपूर लिहिलंय."

मी म्हटलं, मोड आणून केलेलं आहे का ते पाकिटावर बघ. तसं लिहिलेलं नव्हतं. मग घरीच करायचं ठरलं. नवऱ्याने लिहून घेतलं. फोन त्याच्याच हातात होता. रात्रभर भिजव, सकाळी पाणी ओतून दे, ओल्या फडक्यात बांध, संध्याकाळी एकदा पाणी शिंपड. पुण्याच्या हवेत दुसऱ्या दिवशी बारीक पांढरे मोड दिसतील, तेवढे पुरेत.

"मोड आणायचं यंत्र आहे आमच्याकडे. चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल की. पाणी आणि ऊब मिळाली म्हणजे झालं."

"आणि सुकवायची उन्हात?"

"आधी कपड्यावर पातळ पसरून पंख्याखाली, मग कोवळ्या उन्हात. पूर्ण सुकल्याशिवाय भाजू नका, दळायलाही देऊ नका."

"पूर्ण सुकली हे कळणार कसं?"

"एक दाणा दाताखाली धरून बघ. कट्कन तुटला पाहिजे. मऊ लागला तर अजून एक दिवस ठेव. आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बाळाला द्यायचंय, तेव्हा तिथे घाई करू नकोस."